अर्ध्या कोयत्याच्या शोधात

बीडला कुणी फिरायला जातं का, असं निघताना आमच्या ह्यांनी मला विचारलं. त्यांचंही चुकलं नाही. आम्ही कोल्हापूरची माणसं फिरायला कोकणात जातो, फार झालं तर गोव्याला. बीडची माणसं मात्र आमच्याकडं दरवर्षी येतात. दसरा झाला की ट्रक भरून येतात, आमचा ऊस तोडतात, कारखान्याच्या माळावर कोप्या घालून राहतात आणि ऊन तापायला लागलं की निघून जातात. आमच्यातलं कुणी त्यांच्या गावाला गेल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. मी गेले, कारण माझी एक विद्यार्थिनी परत आली नव्हती.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा वर्ग शिकवते. म्हणजे इलेक्ट्रिशियन. राणी माझ्या वर्गातली. दहावी झाल्यावर आईबापाबरोबर उसाच्या फडात आली होती, तिथून गावात जाताना आमच्या दारावरची पाटी वाचली आणि एकटी आत येऊन, 'इथं पोरींना घेतात का' म्हणून विचारून गेली. पुढं प्रवेश घेतला, वसतिगृहात राहिली, पहिलं वर्ष असं काढलं की बाकीची पोरं तिच्या जर्नलावरून उतरवायची. सुट्टीला गावी गेली ती गेलीच. दुसरं वर्ष सुरू झालं तरी पत्ता नाही, फोन लागत नाही. आणखी काही दिवस गैरहजर राहिली असती तर नाव कमी झालं असतं. आमच्यातले एक सहकारी म्हणाले, मॅडम, आयटीआयची पोरं अशी गळतातच, इंजिनिअरिंगची नव्हेत ती. त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं आणि मी रजा टाकली. सोबत आपली भेट म्हणून कोल्हापुरी गुळाची एक ढेप घेतली.

युसूफ वडगाव

सोलापूरला गाडी बदलून केजला उतरले, तिथून सीताफळांच्या टोपल्यांमध्ये पाय आखडून जीपनं युसूफ वडगाव. वाटेत एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरत होती. आमच्याकडं उसामुळं शेजारचं घर दिसत नाही, इथं पुढच्या गावच्या देवळाचा कळस दिसतो. कापूस फुटला होता. सोयाबीनच्या गंजी लागलेल्या. जमीन कुठं काळी, कुठं नुसती दगडाची, आणि वर सगळं आभाळच आभाळ. नदी म्हणून जी दाखवली, तिच्यात शेरडं चरत होती.

चहाच्या टपरीवर मी किसनरावांचं घर विचारलं आणि ओळख पटावी म्हणून सांगितलं, ते ऊसतोडीला जातात. टपरीवाला हसायला लागला.

"मॅडम, इथं जात कोन न्हाई ते इचारा," तो म्हणाला.

मग मी म्हटलं, त्यांची मुलगी आयटीआयला आहे. तर म्हणे, ती मोटरवाली पोरगी व्हय, आधी नाही का सांगायचं. त्यानं लगेच फोन लावला आणि थोड्या वेळात राणीचा मोठा भाऊ विष्णू मोटारसायकलवर मला न्यायला आला. तिशीच्या आतबाहेरचा, चष्मा लावलेला, बोलायला एकदम शुद्ध. मला वाटलं हा कुठं तरी नोकरीला असणार. घर येईपर्यंत त्यानं मला सांगितलं की तो बी.ए. आहे, डीएड आहे, टीईटी पास आहे, आणि गेले चार हंगाम फडात ऊस तोडतो आहे.

राणी दारातच होती. मला बघून तिचा चेहरा फुलला आणि लगेच पडला, असं दोन्ही एकदम झालं. मी काही विचारायच्या आत ती पाणी आणायला पळाली. तिची आई प्रयागबाई बाहेर आली, मी तिच्या हातात गुळाची ढेप ठेवली. तिनं ती उलटीपालटी करून बघितली, वास घेतला आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेजारच्या बाया गोळा झाल्या.

"आमीच तोडलेला ऊस घरला आला बघा," ती सगळ्यांना दाखवत सुटली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऊसतोड्यांच्या घरी गूळ नेणारी अख्ख्या महाराष्ट्रात मी एकटीच असेन. पण त्या गुळानं अवघडलेपण मात्र गेलं. रात्री तो भाकरीबरोबर सगळ्यांच्या ताटात पडला, शेजारी भाजलेल्या धान्या-मसाल्याचा येसर घातलेली आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. आमची तिखटाची ऐट असते, पण त्या चटणीनं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं.

जेवताना गोष्ट उलगडली. मी मनाशी ठरवून आले होते की पोरीचं लग्न ठरवलं असणार आणि त्यावर काय काय बोलायचं याची तयारीही केली होती. ती सगळी वाया गेली. लग्नाबिग्नाचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. अडचण कोयत्याची होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणार, दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळी जमवणारा मुकादम विचारत नाही. किसनरावांनी मुकादमाला दोन कोयते कबूल केले होते, आगाऊ पैशांची उचलही तशीच घेतली होती. एक कोयता ते आणि प्रयागबाई. दुसरा विष्णू आणि त्याची बायको. पण सून पोटुशी राहिली, दिवस भरत आलेले, ती फडात येऊ शकत नव्हती. तिला माहेरी पाठवणार होते. म्हणजे विष्णू उरला अर्धा. तो पुरा करायला राणी.

मी किसनरावांना म्हटलं, अहो, पण एका वर्षानं ती नोकरीला लागेल. ते शांतपणे भाकरी मोडत होते. शिडशिडीत माणूस, आवाज कधी चढत नाही. विष्णूकडं बोट करून ते एवढंच म्हणाले, "ह्यो बी लागनार होता, मॅडम."

विष्णू ताटात बघत राहिला. त्याच्या वेळी गावातली अर्धी पोरं डीएडला गेली होती. मास्तरकी म्हणजे पगार, मान, आणि मुलगी द्यायला रांग. सगळ्यांनी एकच वाट धरली आणि ती वाट पुढं बंद निघाली. मग मी किसनरावांना कुठल्या तोंडानं सांगणार की आमची वाट उघडी आहे? त्यांनी मला सरळ विचारलं, तुम्ही लिहून देता का. मी नाही म्हणाले. खोटं बोलायला मी एवढ्या लांब आले नव्हते.

विहिरीवर

सकाळी सुशीला खाल्ला. मुरमुऱ्याचा असतो, आमच्याकडं त्याला कुणी नाश्ता म्हणणार नाही, पण मी दोनदा घेतला. खाताना कळलं की भावकीच्या सामाईक विहिरीवरची मोटर जळून पडली आहे आणि कापसाला एक पाणी पाहिजे आहे. केजचा मिस्त्री दसऱ्यापर्यंत मोकळा नव्हता. माझ्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. म्हटलं, राणी भरेल मोटर. मोटर भरणं, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळणं, हे खरं तर दुसऱ्या वर्षाचं काम, पण पोरगी चौकस म्हणून मी तिला पहिल्याच वर्षी त्या टेबलावर बसवलं होतं. मला वाटलं, बापानं एकदा डोळ्यांनी बघितलं की काम फत्ते.

विष्णूनं केजहून तांब्याची तार आणि तारेखाली घालायचा कागद आणला. राणीनं अंगणात मोटर खोलली, जळकी तार उपसून काढली आणि बसली. मी शेजारी खाटेवर. मी तिला एका शब्दानंही सांगितलं नाही. बघायला गाव लोटलं. म्हातारे लोक अगदी जवळ येऊन बसत आणि एकमेकांना समजावून सांगत, ते बहुतेक चुकीचं असे. दुसऱ्या दिवशी दुपारी वार्निश वाळलं, गडी मोटर घेऊन विहिरीवर गेले, वीज आल्यावर बटण दाबलं आणि पाटाला पाणी सुटलं. प्रयागबाईनं पाटात हात बुडवून पोरीच्या तोंडावरून फिरवला. मी अशी खुशीत होते की विचारू नका.

तेवढ्यात किसनराव माझ्याजवळ आले, हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, लई चांगलं शिकिवलं तुमी. आता येतंय की तिला समदं. मंग परत जायाचं कशाला?"

घ्या! मी खोदलेल्या खड्ड्यात मीच. आजूबाजूचे माना डोलवत होते. पोरगी हंगामात फडात जाईल, उन्हाळ्यात गावात मोटरी भरेल, यात वाईट काय? सर्टिफिकेटचा कागद लागतो कुणाला?  राणी तोंड फिरवून उभी राहिली होती. तिला माझाच राग आला असावा आणि मला तो पटत होता.

सकाळी विहिरीवरून निरोप आला की मोटर परत जळाली.

आम्ही सगळे गेलो. किसनरावांचा चुलतभाऊ तिथं होता. तो म्हणाला, शिकलेल्या हातची बी जळतीच म्हणायची. दोघेचौघे हसले. राणीनं मोटरीला हात लावला नाही. ती विहिरीवरच्या झोपडीतल्या पेटीकडं गेली आणि स्टार्टरचं झाकण काढलं. बटण आत दाबून त्यात बाभळीची एक काडी ठोकून बसवली होती. वीज इथं कधी येते कधी जाते, रात्रीबेरात्री कोण येणार बटण दाबायला? म्हणून काडी. वीज आली की मोटर आपली आपण सुरू. आणि मोटर सारखी बंद पडते म्हणून कुणी तरी मोटर तापली की ती बंद करणारा आतला रिलेही काढून टाकलेला. काल मी पाण्याकडं बघत होते, पेटी उघडून मीही बघितली नव्हती. आता बघताक्षणी सगळं कळलं आणि मी बोलायला तोंड उघडलं.

"मॅडम, तुमी सांगू नका," राणी म्हणाली.

मी मागं सरकले. ती बापाकडं वळली. वर्गात उत्तर देताना उभी राहते तशी सरळ उभी राहिली.

"आबा, मला मोटर भरता येती. जळती कावून, कशापायी, ते येत न्हाई. ह्या पेटीतलं मला काय कळत न्हाई, ते दुसऱ्या वर्षाला हाय. आत्ता मॅडमनी सांगितलं तर तुमी म्हनताल, झालं शिकून. अन उद्या दुसरं कायतरी जळंल. मी जन्मभर भरतच बसंन."

कुणी हसलं नाही. किसनरावांनी पुढं होऊन त्या काडीवरून अंगठा फिरवला. ती काडी त्यांनीच ठोकलेली, हे मला विष्णूनं नंतर सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, "आन इष्णूचा कोयता?"

हा नकार नव्हता. हा हिशेब होता, आणि तो खराच होता. मी तिथल्या तिथं विचारलं, विष्णूला दुसरा अर्धा मिळाला तर राणीला सोडाल? ते म्हणाले, मिळाला तर सोडतो, पण दसरा तोंडावर आलाय, आता अर्धा कुठला उरतोय. मी म्हटलं, तुम्ही सोडतो म्हणालात, एवढं मला पुरे.

बाजार

मी आयुष्यात बाजारातून पुष्कळ गोष्टी शोधून आणल्या आहेत, पण अर्धा कोयता शोधायला कधी गेले नव्हते. युसूफ वडगावच्या आठवडी बाजारात मी, विष्णू आणि मुकादम असे तिघं फिरत होतो. मुकादम म्हणजे प्रयागबाईच्या नात्यातला, सिरसाळ्याकडचा, पांढरी टोपी, दोन फोन. त्याला माझी मोठी गंमत वाटत होती. बागायतदार सोडून कोल्हापूरचं दुसरं माणूस कोयत्याची काळजी करताना तो पहिल्यांदाच बघत होता. पण माणूस वाईट नव्हता. जोडी पुरी कर, मला कुणीही चालंल, असं त्यानं विष्णूला सांगून टाकलं होतं.

पहिला भेटला तो चांगला धडधाकट होता, पण त्यानं आमच्यासमोरच खिशातून बाटली काढली. दुसरे एक आजोबा, बायको गेलेली, यायला तयार, पण मोळी डोक्यावर घ्यायची म्हटल्यावर मुकादमानं त्यांच्या मानेकडं बघितलं आणि चहा पाजून घरी पाठवलं. तिसऱ्याला कालच कुणी तरी उचल देऊन टाकली होती. दुपार टळायला लागली. कोंबड्या, बांगड्या, शेवेचे ढीग, सगळ्यातून दोनदा फिरून झालं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी ती हातात घेऊन चालायला लागले. मुकादम म्हणाला, मॅडम, ऱ्हाऊ द्या आता. मी म्हटलं, तुम्हाला जायचं तर जा.

बाजाराच्या कडेला एक जण सीताफळं मांडून बसला होता. विष्णू त्याला बघून थांबला. दोघं डीएडला एका बाकावर होते. दत्ता त्याचं नाव. तो जवळच्या एका विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवत होता, कित्येक वर्षं, आज ना उद्या अनुदान येईल या भरवशावर. पगार नाही म्हणून लग्न नाही. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीला सीताफळं विकायची. विष्णूनं त्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं की राणीसाठी अर्धा शोधतोय. मला वाटतं विचारायची त्याला लाज वाटत होती.

दत्तानं एक सीताफळ पुसून माझ्या हातात दिलं. राणी त्याच्याच शाळेत शिकली होती.

"आख्ख्या वर्गात ती एकटीच 'कावून' इचारायची," तो म्हणाला. "लई तरास द्यायची. मला उत्तर यायचं न्हाई तवा घरी जाऊन वाचायचो."

मग थोडा वेळ तो टोपल्या आवरत बसला. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं भाव न करता फळं देऊन टाकली. उठून पँट झटकली आणि मुकादमाला विचारलं, गाडी कधी आहे. विष्णू म्हणाला, शाळेचं काय. दत्ता म्हणाला, शाळेनं माझं काय केलं ते मला सांग, मग मी शाळेचं सांगतो. पण हे बोलताना त्यानं आधीच झटकलेली पँट पुन्हा झटकली. मी दुसरीकडं बघितलं.

मुकादमानं दोघांना आपल्यासमोर उभं केलं, बैलजोडी बघावी तसं एकदा बघून घेतलं आणि मान हलवली.

"दोन डीएड मिळून एक कोयता," तो म्हणाला. "जमलं बे मास्तर."

काम झालं होतं. मी ज्यासाठी आले ते माझ्या पदरात पडलं होतं. पण मला आनंद करता येईना. सरकारनं ज्यांना मास्तर म्हणून घडवलं असे दोघं मिळून इथं एका पुऱ्या कोयत्याची किंमत भरत होते. ज्याला शिकवता येतं त्याला वर्ग नाही, आणि मोटरी जळतात तिथं काडी काढणारं कुणी नाही. आमचे सहकारी म्हणतात गळती. गळती कसली? इथं अख्खं धरण फुटलंय, आणि आपण ओंजळीनं पाणी मोजतोय.

घरी आल्यावर किसनरावांनी दत्ताचं नाव दोनदा विचारून घेतलं. नंतर त्यांनी आत हाक मारून राणीला पिशवी भरायला सांगितलं. प्रयागबाईनं आम्हाला वाटेत खायला धपाटे बांधून दिले. ढेपेतला उरलेला गूळही त्यात होता.

परत

राणीचं नाव कमी झालं नाही. त्याबद्दल आमच्या प्राचार्यांशी माझं जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दिवाळीनंतर एके दिवशी स्टार्टरचा धडा आला. मी मुद्दामच तिला पुढं बोलावलं आणि रिले काढून, बटणात काडी ठोकून मोटर चालू करायला लावली. मग तीन फेजांतली एक काढून घेतली. मोटर कण्हायला लागली, तापली, बंद मात्र पडेना. तिनं काडी उपसली, रिले जागेवर बसवला, परत एक फेज काढली. खटकन बंद. ती तशीच उभी राहिली आणि मग तिनं तो प्रयोग पुन्हा केला, कुणी सांगितलं नसताना. त्याच संध्याकाळी गावी चुलत्याला फोन करून काडी काढायला लावली, रिले बसवायला लावला. केजच्या मिस्त्रीनं दसऱ्यानंतर परत भरलेली ती मोटर अजून चालते आहे.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही दोघी फडावर गेलो. तिची माणसं कोल्हापूरपासून तासाभराच्या रस्त्यावर ऊस तोडत होती. सून माहेरी बाळंत होऊन मुलगा झाला होता, त्याचे पेढे प्रयागबाईनं कोपीत राखून ठेवले होते. विष्णू तोडत होता, दत्ता मोळ्या बांधत होता. उसाच्या पाचटानं दोघांचे गाल कापलेले. सगळा तळ त्यांना 'मास्तरांचा कोयता' म्हणायचा. कोप्यांभोवती लहान पोरं उंडारत होती, ज्यांची शाळा गावाकडंच राहिली होती. मी आपली भाबडेपणानं दत्ताला म्हणाले, संध्याकाळी ह्यांना घेऊन बसत असाल ना?

"हात वर होत न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "बसलो होतो दोन दिवस. झोप लागली, पोरं हसाया लागली."

येताना एसटीत राणी खिडकीशी बसली. बाहेर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, मध्ये मध्ये तोडून मोकळे झालेले फड. प्रत्येक फड मागं पडेपर्यंत ती वळून बघत होती. मला वाटलं घरची आठवण येत असेल.

"मॅडम," ती म्हणाली, "मोटर कावून जळती ते मला आता सांगता येतंय. दादा आन सर फडात कावून, ते कोन्त्या वर्षाला हाय?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, ते अभ्यासक्रमात नाही.

"मंग घाला की," राणी म्हणाली.